कारणांवाचून निवाडा

तापीच्या उजव्या तीरावर वसलेल्या बऱ्हाणपूर नगराने जितके राज्यकर्ते पाहिले, तितके मध्य हिंदुस्थानातील फार थोड्या नगरांच्या वाट्यास आले असतील. चौदावे शतक सरता सरता फारुकी सुलतानांनी बुऱ्हानुद्दीन गरीब या सुफी अवलियाच्या नावाने हे नगर वसविले. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश सुभ्याचा कारभार मोगलांच्या नावाने येथून चालू लागला. 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर निजामाने असीरगडासह बऱ्हाणपूर मराठ्यांच्या स्वाधीन केले, पुढे ते शिंद्यांकडे गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्यात सामील झाले. या सर्व राजवटींत एक गोष्ट समान होती. सुभेदार असो, कमाविसदार असो वा डेप्युटी कमिशनर असो, येथल्या अंमलदाराला हिशेब द्यावा लागे तो वरती, म्हणजे आग्र्याला, पुण्याला, ग्वाल्हेरला किंवा नागपूरला. ताळेबंद वरच्या दफ्तरात तपासला जाई, आणि खोट आढळली तर वसुली वा बरतर्फीचा हुकूमही तेथूनच सुटे. खालच्या रयतेला अर्ज करता येई, फिर्याद मांडता येई, जुलूम असह्य झाला तर गाव सोडून परागंदाही होता येई. परंतु अंमलदाराला त्याच्या कामाचा जाब विचारून दूर करण्याचा अधिकार तिच्यापाशी कधीच नव्हता.

तो अधिकार तिला 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने दिला. विणकर, केळीबागायतदार, गिरणीकामगार, सातपुड्याच्या उतरणीवरील कोरकू आणि बारेला आदिवासी, या सर्वांना एकाच मोलाचे एकेक मत मिळाले, आणि राज्यकर्त्यास दूर करण्याची सत्ता इतिहासात प्रथमच खालच्या हाती आली. हे परिवर्तन किती मोठे आहे याचा आपल्याला नित्य परिचयामुळे विसर पडतो. ते मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु गेल्या काही वर्षांतील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या निवडणुका बारकाईने पाहिल्या म्हणजे एक विचार मनाला सोडीत नाही, आणि तो असा की, शिक्षा देण्याचा अधिकार खाली आला असला तरी हिशेब तपासण्याचा अधिकार अद्याप पुरता खाली आलेला नाही. मतदार निवाडा देतो, पण त्या निवाड्याची कारणे कोठेही नोंदलेली नसतात. आणि ज्या निवाड्याची कारणे नोंदलेली नाहीत, त्याचा अर्थ लावण्याची मुखत्यारी ज्याला शिक्षा झाली त्याच्याकडे किंवा ज्याचा लाभ झाला त्याच्याकडे आपोआप जाते.

2018 च्या विधानसभा निवडणुकीचे उदाहरण घेऊ. बऱ्हाणपूर मतदारसंघातून श्रीमती अर्चना चिटनीस भारतीय जनता पक्षातर्फे उभ्या होत्या. त्या राज्याच्या विद्यमान मंत्री होत्या, विधानसभेचे माजी अध्यक्ष ब्रजमोहन मिश्र यांच्या कन्या होत्या, आणि 2008 व 2013 अशा लागोपाठच्या दोन निवडणुकांत याच मतदारसंघाने त्यांना भोपाळला पाठविले होते. काँग्रेसने अधिकृत उमेदवार दिला होता, परंतु मतदारांचा कौल मिळाला तो उमेदवारी न मिळालेल्या आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या सुरेंद्रसिंह ठाकूर ऊर्फ शेरा यांना. मताधिक्य 5,120. मंत्रिपदावरील व्यक्तीस एका अपक्षाकडून पराभूत करणे ही मतदारांच्या सत्तेची प्रचीती नव्हे काय? निःसंशय आहे. पण त्यानंतर काय झाले हेही पाहिले पाहिजे. निकालानंतर थोड्याच दिवसांत भरलेल्या एका सभेत पराभूत श्रीमती चिटनीस यांनी, ज्यांनी आपल्याला मते दिली त्यांची मान खाली जाऊ देणार नाही, आणि ज्यांनी चुकून वा कोणाच्या प्रलोभनाने दिली नाहीत त्यांना पश्चात्ताप होऊन रडावे लागेल, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे वृत्त देशभरच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले.

या उद्गारांवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. टीका करणाऱ्यांचे लक्ष धमकीच्या सुराकडे गेले. मला त्यातील दुसरा भाग अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. मते न देणाऱ्यांनी ती चुकीने वा प्रलोभनाने दिली नाहीत, असे जेव्हा एक अनुभवी, कर्तबगार आणि दीर्घकाळ सार्वजनिक जीवनात वावरलेली व्यक्ती म्हणते, तेव्हा ती निवाड्याची कारणे स्वतः लिहीत असते. आणि तिला ती लिहिता येतात, कारण दुसऱ्या कोणी ती लिहिलेली नसतात. त्या पाच हजार मतांमागे खरोखर काय होते? पंधरा वर्षांच्या एकपक्षीय सत्तेचा शीण होता, नोटाबंदी व नव्या करपद्धतीने यंत्रमागधारकांची झालेली ओढाताण होती, मंत्रिपदामुळे मतदारसंघाशी आलेला दुरावा होता, की ठाकूर घराण्याचा जुना वैयक्तिक संबंध होता? याच घराण्यातील ठाकूर शिवकुमारसिंह 1980 मध्ये खंडव्याचे खासदार झाले होते, हे वृद्ध मंडळी अजून सांगतात. यांपैकी प्रत्येक कारण सांगणारा कोणी ना कोणी चौकात भेटतो, आणि प्रत्येक जण ज्या पक्षाचा असेल त्या पक्षाला सोयीचे कारण सांगतो. न्यायासनासमोर उभा राहिलेला आरोपी शिक्षा ऐकल्यावर निदान निकालपत्राची नक्कल मागू शकतो. निवडणुकीतील पराभूताला ती मागण्याची सोय नाही, आणि जनतेलाही ती देण्याची सवय नाही.

2023 मध्ये त्याच मतदारसंघाने श्रीमती चिटनीस यांना 31 हजारांहून अधिक मताधिक्याने परत निवडून दिले. शेरा आता काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. भाजपचे दिवंगत खासदार नंदकुमारसिंह चौहान यांचे चिरंजीव हर्षवर्धनसिंह पक्षाने उमेदवारी नाकारल्यामुळे अपक्ष उभे होते, आणि एमआयएमचाही उमेदवार रिंगणात होता. या शेवटल्या दोघांच्या मतांची बेरीज विजयाच्या मताधिक्याहून बरीच अधिक भरते. तेव्हा प्रश्न असा उरतो की, मतदारांनी पाच वर्षांपूर्वीचा दोष माफ केला, की अपक्ष आमदाराचा पाच वर्षांचा कारभार त्यांना नापसंत पडला, की विरोधी मतांची वाटणी झाली एवढेच? विजयी पक्ष पहिली दोन कारणे सांगेल, पराभूत पक्ष तिसरे. आणि मतपेटी, जिला एकटीलाच खरे ठाऊक, ती काही बोलत नाही.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण शेजारच्या नेपानगरचे आहे, आणि तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. 2016 मध्ये येथले आमदार राजेंद्र दादू यांचे अपघाती निधन झाल्यावर त्यांच्या कन्या मंजू दादू पोटनिवडणुकीत भाजपतर्फे निवडून आल्या. 2018 मध्ये काँग्रेसच्या सुमित्रादेवी कास्डेकर यांनी त्यांचा तेराशेहून कमी मतांनी पराभव केला. राज्यात त्या वेळी काँग्रेसला 114 आणि भाजपला 109 जागा मिळाल्या होत्या, म्हणजे एकेका आमदाराचे मोल किती होते याची कल्पना यावी. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार कोसळले. त्यानंतर जुलैमध्ये श्रीमती कास्डेकर यांनीही राजीनामा देऊन भाजपात प्रवेश केला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली, आणि ज्या मतदारांनी दोन वर्षांपूर्वी त्यांना पंजावर अल्प मताधिक्याने निवडून दिले होते, त्यांनीच कमळावर सुमारे 26 हजारांच्या मताधिक्याने निवडून दिले. पुढे 2023 मध्ये भाजपने त्यांना उमेदवारीच दिली नाही. ती पुन्हा मंजू दादू यांना मिळाली, आणि त्या विजयी झाल्या.

या साऱ्या घटनाक्रमात मतदारांनी कोणाला कशाबद्दल जबाबदार धरले? 2018 मध्ये ज्या पक्षाला नाकारले त्याच पक्षाला दोन वर्षांनी मोठ्या बहुमताने स्वीकारले, तर पहिले मत पक्षाला होते की व्यक्तीला? दुसरे मत पक्षांतराला दिलेली मान्यता होती, की राज्यात जो पक्ष सत्तेवर आहे त्याच्याबरोबर राहिल्याने आपल्या पाड्यापर्यंत रस्ता आणि वीज येईल असा व्यवहारी हिशेब होता? नेपानगरच्या मतदाराने असा हिशेब केला असेल तर मी त्याला मुळीच दोष देणार नाही. ज्याच्या शेतातील कूपनलिका आटली आहे आणि ज्याचा वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे कचेरीत पडून आहे, त्याने सत्तेच्या जवळ राहू पाहणे यात अनीती कसली? परंतु यातून निष्पन्न होते ते हे की, पक्षांतराचा जाब म्हणून जो एक प्रसंग राज्यघटनेने त्याच्यापुढे ठेवला, तो जाब विचारण्यात खर्ची पडलाच नाही. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला बंदी घातली; राजीनामा देऊन पुन्हा त्याच जागेसाठी दुसऱ्या चिन्हावर उभे राहण्यास मात्र बंदी नाही. तेव्हा अशा वेळी निवाड्याचा सारा भार मतदारावर येतो, आणि मतदाराला तर एकाच बटणाने पक्षांतर, रस्ता, पाणी, राज्य सरकार आणि जात या सर्वांविषयी एकदम बोलावे लागते.

2023 मध्ये कास्डेकर यांना दूर केले ते मतदारांनी नव्हे, पक्षश्रेष्ठींनी. हर्षवर्धनसिंह यांनाही प्रथम नाकारले ते पक्षानेच. 2021 मध्ये नंदकुमारसिंह यांच्या निधनानंतर झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीतही उमेदवारी ज्ञानेश्वर पाटील यांना मिळाली होती. हे निर्णय योग्य असतील वा अयोग्य असतील. माझा मुद्दा निराळा आहे. आमदाराच्या कामाचा जो खरा हिशेब होतो, म्हणजे कोणी किती सभा घेतल्या, कोणाविषयी नाराजी आहे, कोणाचे समाजबळ किती, कोण कोणाच्या गटाचा, तो भोपाळच्या आणि दिल्लीच्या पक्षकार्यालयांत होतो, आणि त्याचे पाहणी-अहवाल तेथेच राहतात. कमाविसदाराचा ताळेबंद पुण्याच्या दफ्तरात जावा तसाच आमदाराचा ताळेबंद आजही वरच जातो. त्या दफ्तरात काय नोंदले आहे हे नेपानगरच्या मतदाराला कळत नाही, आणि त्या नोंदीवरून जो उमेदवार ठरतो त्यालाच मत द्यावयाचे किंवा नाही एवढीच निवड त्याच्यापुढे राहते.

येथे एक रास्त आक्षेप येतो. मतदाराला कारणे सांगावयास लावणे म्हणजे गुप्त मतदानावर घाला घालणे नव्हे काय? ज्या विणकराचे सूत सावकाराकडून येते, ज्या आदिवासीला वनरक्षकाच्या मर्जीवर गुजराण करावी लागते, त्याचे संरक्षण गुप्ततेतच आहे. हा आक्षेप मी पूर्णतः मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की मत गुप्त राहिले पाहिजे आणि प्रश्न उघड झाला पाहिजे. एका व्यक्तीने आपल्या मताचे कारण सांगण्याची गरज नाही. परंतु गावाने, मोहल्ल्याने, विणकरांच्या सोसायटीने, केळी उत्पादकांच्या मेळाव्याने, आम्ही कोणत्या प्रश्नांवर तुम्हाला तोलणार आहोत, हे मतदानाच्या पुष्कळ आधी जाहीर करण्यास कोणतीही हरकत नाही. असे झाले म्हणजे निकालाचा अर्थ लावण्याची वेळ येते तेव्हा तो मनमानी रीतीने लावता येत नाही.

हे केवळ कल्पनेत घडते असे नाही. मराठी माणसाने ते एकदा घडवून दाखविले आहे. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो तडाखा दिला, त्याचे कारण शोधण्याची गरज कोणालाच पडली नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रश्न एकच ठेवला होता, तो वर्षभर गावोगाव मांडला होता, आणि यशवंतराव चव्हाणांसारखा समर्थ नेताही कऱ्हाडातून थोड्या मताधिक्यानेच निवडून आला, तेव्हा त्या निकालाचा अर्थ मतदार भुलले असा लावण्याचे धैर्य दिल्लीतही कोणास झाले नाही. तीन वर्षांत, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. (निमाड त्या राज्याबाहेर, मध्य प्रदेशातच राहिला आणि बऱ्हाणपूरच्या मराठी माणसाने तो निकाल शेजाऱ्याच्या अंगणातून पाहिला, ही गोष्ट वेगळी.) त्या निवाड्याला बळ आले ते संख्येइतकेच त्याच्या स्पष्टतेने आले.

दुसरी बाजू प्रतिनिधीची. 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांनी निवडून दिलेल्या एडमंड बर्क याने, प्रतिनिधी हा मतदारांच्या हुकुमाचा ताबेदार नसून आपल्या विवेकबुद्धीने निर्णय करणारा असला पाहिजे, असा सिद्धान्त मांडला, आणि तो आजतागायत राजकारणी माणसांना प्रिय आहे. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र ते क्वचितच सांगतात. आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध शिथिल करण्यास आणि कॅथलिकांना सवलती देण्यास त्याने पाठिंबा दिल्यामुळे ब्रिस्टलचे व्यापारी त्याच्यावर रुष्ट झाले. 1780 मध्ये तो त्यांच्यापुढे गेला, आपल्यावरील एकेक आरोप स्वतःच्या तोंडाने मांडला, प्रत्येकाविषयी सविस्तर कैफियत दिली, आणि मतदारांचा रोख ओळखून उमेदवारीतून माघार घेतली. स्वतंत्र बुद्धीने वागण्याचा हक्क त्याने मागितला होता, आणि त्या हक्काची किंमतही मुकाट्याने चुकती केली. आपल्याकडील किती प्रतिनिधी मतदारांपुढे उभे राहून, मी अमुक विधेयकाला अमुक कारणाने पाठिंबा दिला, असे सांगतात? पक्षांतराचे कारण सांगताना तरी क्षेत्राचा विकास या दोन शब्दांपलीकडे कोण जातो?

परदेशी अभ्यासकांचा एक वर्ग असेही म्हणतो की मतदाराकडून असल्या विवेकाची अपेक्षाच व्यर्थ आहे. अचेन आणि बार्टेल्स या अमेरिकी अभ्यासकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादले आहे की, 1916 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी माणसे मारली तेव्हा त्या किनाऱ्यावरील मतदारांनी अध्यक्ष विल्सन यांना त्याची शिक्षा केली. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांचाही राग मतदार सत्ताधाऱ्यांवर काढतात. त्या ग्रंथातील आकडेमोडीविषयी विद्वानांत पुढे वाद झाला. पण मी बऱ्हाणपूरच्या केळीबागायतदाराकडे पाहतो तेव्हा हे प्रतिपादन मला अपुरे वाटते. मे-जूनमधील वावटळीने ऐन घडावर आलेली बाग आडवी केली म्हणजे कोणी बागायतदार त्याबद्दल आमदाराला दोष देत नाही. तो विचारतो ते हे की, पटवारी पंचनाम्याला कधी आला, नुकसानीची टक्केवारी कशी धरली, आरबीसी 6-4 या महसुली परिपत्रकाखालील मदतीची रक्कम खात्यावर किती महिन्यांनी पडली. आणि त्याच्यापाशी तुलनेचे साधनही आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडली की रावेर तालुका लागतो. पिकाचे वाण तेच, वादळ तेच, करपा तोच, व्यापारीही पुष्कळदा तेच. रावेर-सावद्याचे शेतकरी बऱ्हाणपूरच्या लिलावात निघालेला भाव रोज विचारून घेतात. पण पलीकडे केळीला हवामानाधारित फळपीक विम्याचे संरक्षण मिळत आले, आणि अलीकडचा शेतकरी तेच संरक्षण आम्हालाही द्या अशी मागणी करीत राहिला. सख्खे मामेभाऊ दोन राज्यांत शेती करीत असताना, एकाला विमा आणि दुसऱ्याला केवळ अनुदानाची वाट पाहणे का, याहून नेमका, याहून विवेकी प्रश्न कोणत्या लोकशाहीतील मतदाराने विचारला असेल?

विवेक आहे, तो पोहोचविण्याची वाट नाही. याचे एक मोठे कारण असे की एकेका प्रश्नाची जबाबदारी अनेक कचेऱ्यांत विभागलेली आहे. तापी मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग निगमाची. 2020 च्या टाळेबंदीत ती बंद पडली, तिचा जाब दिल्लीला, म्हणजे खासदाराला विचारावयाचा. यंत्रमागाच्या विजेचा दर भोपाळात ठरतो, म्हणून तो आमदाराला. शहरातील गटारे आणि रस्ते महानगरपालिकेचे. देशातील पहिला वृत्तपत्रकागदाचा कारखाना जो नेपानगरला उभा राहिला आणि 1956 मध्ये ज्याच्या समारंभाला स्वतः पंडित नेहरू आले, तो केंद्राचा; त्याच नेपानगरच्या जंगलात 2022-23 मध्ये जी प्रचंड वृक्षतोड झाली तिचा जाब वनखाते, पोलीस, जिल्हाधिकारी आणि मंत्री यांनी एकमेकांकडे बोट दाखवून टोलविला, आणि जंगल वाचवा म्हणून कचेरीपुढे ठाण मांडून बसले ते आदिवासी गावकरीच. अशा वेळी एकाच दिवशी एकच बटण दाबणाऱ्याने नेमके कोणाला धरावे? 2022 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत भाजपच्या माधुरी पटेल साडेपाचशेच्याही आतील मताधिक्याने विजयी झाल्या. इतक्या अटीतटीच्या निकालातही, पाणीपट्टी की रस्ते की धर्म, कोणत्या प्रश्नाने पारडे झुकविले, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही.

मध्य प्रदेशाने या बाबतीत एक धाडसी प्रयोग केला आहे, आणि तो महाराष्ट्रातील वाचकांना फारसा परिचित नाही. येथल्या नगरपालिका कायद्यात अध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलाविण्याची तरतूद झाली. तीन चतुर्थांश निर्वाचित पार्षदांनी मागणी केली की मतदारांपुढे मतपत्रिका येते, आणि तिच्यावर दोनच चित्रे असतात, एक रिकाम्या खुर्चीचे आणि एक खुर्चीवर बसलेल्या माणसाचे. लोक तिला खाली कुर्सी–भरी कुर्सीची निवडणूक म्हणतात. 2001 मध्ये अनूपपूर येथे या मार्गाने पहिल्यांदा एका अध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली. जयप्रकाशांच्या आंदोलनापासून आमदार-खासदारांनाही असेच परत बोलाविण्याचा हक्क मागितला जातो, आणि त्या मागणीमागील तळमळ मला कळते. पण मी तिचा पुरस्कार करीत नाही. या तरतुदीचा ओनामा पार्षदांच्या हाती असल्यामुळे ती पुष्कळदा जनतेच्या नाराजीपेक्षा गटांच्या कुरघोडीने चालू होते, आणि रिकामी खुर्ची निवडली तरी ती का रिकामी केली हे कोठेच लिहिले जात नाही. शिक्षा अधिक वारंवार होईल, पण ती मुकीच राहील.

मला आशा वाटते ती निराळ्या एका ठिकाणी. 22 जुलै 2022 रोजी बऱ्हाणपूर हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा म्हणून जाहीर झाला. ज्या नगराला सतराव्या शतकाच्या आरंभी अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी कालव्यांनी पाणी पुरविले, त्याच्या जिल्ह्याला हा मान मिळाला याचा आनंद आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती त्या प्रमाणपत्राची रीत. जिल्ह्यातील 254 गावांनी ग्रामसभा भरवून, आमच्या गावातील प्रत्येक घरी नळाने पाणी येते, असा ठराव केला, आणि मगच जिल्ह्याला प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे एका सरकारी कामाची रुजवात, निदान एकदा, वरच्या दफ्तरात न होता खाली, ज्यांच्या घरी पाणी यावयाचे त्यांच्या सभेत झाली. हे ठराव सर्वच ठिकाणी किती चौकसपणे झाले असतील याविषयी मतभेद होऊ शकेल. तरीही एक लेखी दस्तऐवज निर्माण झाला आहे, त्यावर तारीख आहे, आणि तो गावाच्या सहीचा आहे. उन्हाळ्यात ज्या घरी नळ कोरडा राहिला त्या घरच्या बाईला तो ठराव पुढे ठेवून विचारता येते. या जिल्ह्यात जबाबदारी मागण्याचे याहून भक्कम साधन मला दिसत नाही, आणि ते वर्षातून एकदाही पुन्हा उघडले जात नाही याचे मला मनापासून दुःख होते.

जे पाण्याविषयी झाले ते विम्याविषयी, वनहक्काच्या दाव्यांविषयी, यंत्रमागाच्या वीजदराविषयी का होऊ नये? ग्रामसभेचा ठराव म्हणजे मत नव्हे. तो कोणाला निवडून देत नाही वा पाडीत नाही. परंतु आम्ही अमुक मागितले होते, अमुक तारखेला मागितले होते, आणि अमुक व्यक्ती त्या वेळी आमची प्रतिनिधी होती, एवढे जरी गावाच्या वहीत उतरले, तरी निवडणुकीनंतर मतदार भुलले असे म्हणणाऱ्याला ती वही दाखविता येते. उमेदवार निवडणाऱ्या पक्षालाही ती दाखविता येते, आणि मग ज्या हिशेबाची तपासणी आज केवळ भोपाळात होते, त्याची एक प्रत निदान गावात राहते.

वृत्तपत्रांनीही हे काम अंगावर घेतले पाहिजे. जळगाव, खंडवा आणि इंदूर येथून निघणारी पत्रे बऱ्हाणपुरात वाचली जातात, आणि निवडणुकीच्या काळात कोणाची सभा किती भरली याचे रकाने त्यांत असतात. पण गेल्या पाच वर्षांत आमदारांनी विधानसभेत कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, याचा एक सलग तक्ता निवडणुकीपूर्वी छापलेला माझ्या पाहण्यात नाही. ती माहिती विधानसभेच्या कामकाजात उपलब्ध असते. ती केवळ कोणीतरी काढून मांडावी लागते.

2027 मध्ये महानगरपालिकेची आणि 2028 च्या अखेरीस विधानसभेची निवडणूक येईल. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेला, विणकर सोसायटीला, केळी उत्पादकांच्या संघटनेला आणि मोहल्ला समितीला माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी उमेदवारांची नावे जाहीर होण्याची वाट पाहू नये. येत्या ग्रामसभेतच 2022 चा पाण्याचा ठराव बाहेर काढून मोठ्याने वाचावा, कोणाच्या घरी पाणी येते आणि कोणाच्या येत नाही ते नावानिशी नोंदवावे, त्याच्याखाली आपले आणखी दोन-तीन प्रश्न तारखेसह लिहावेत, आणि त्याची एकेक नक्कल आज जे प्रतिनिधी आहेत त्यांना व उद्या जे होऊ इच्छितात त्यांना पाठवून लेखी उत्तर मागावे.